मिलिमीटरचा हिशेब

सीटी किंवा एमआरआय कशासाठी काढतात, हे आता कोणालाही सांगावे लागत नाही. गाठ आहे की नाही, असल्यास कोठे आहे आणि केवढी आहे, हे पाहण्यासाठी. आनुवंशिक आजारात होणाऱ्या गाठींच्या बाबतीत मात्र हा प्रश्न पहिल्या एक-दोन तपासण्यांतच निकालात निघतो, कारण गाठी आहेत किंवा आज नसल्या तरी पुढे होण्याची दाट शक्यता आहे, हे जनुक-चाचणीने आधीच सांगून ठेवलेले असते. त्यानंतर उरणारा प्रश्न अधिक अवघड असतो: यांपैकी कोणती गाठ, किती काळाने, हात लावण्यावाचून गत्यंतर राहणार नाही एवढी मोठी होईल? मी डॉक्टर नाही. पुण्यात वैद्यकीय प्रतिमांवर प्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअरचे काम करतो, आणि हाच प्रश्न माझ्या आत्येभावाच्या घरी ठाण मांडून बसल्यामुळे गेल्या काही काळात या विषयावरचे वाचन नोकरीच्या गरजेपेक्षा बरेच अधिक झाले आहे. त्यातले जे मला पक्के कळले, ते येथे मांडतो.

आत्येभावाच्या आजाराचे नाव व्हॉन हिपेल-लिंडाऊ. बोलताना सगळे व्हीएचएल म्हणतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ ऑयगेन फॉन हिपेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांच्या गाठींचे वर्णन केले, आणि स्वीडनचे विकृतिशास्त्रज्ञ आर्विद लिंडाऊ यांनी १९२६ मध्ये डोळ्यातील आणि लहान मेंदूतील गाठी एकाच आजाराच्या आहेत हे दाखवून दिले. याला कारणीभूत असलेले जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर असून ते १९९३ मध्ये सापडले. साधारण ३६,००० जन्मांमागे एकाला हा आजार असतो. आईवडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, मग ते अपत्य मुलगा असो वा मुलगी. आणि सुमारे पाचांपैकी एका रुग्णाच्या घराण्यात तो पूर्वी कोणालाच नसतो.

शरीरातील प्रत्येक पेशीत या जनुकाची एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते. दुसरी प्रत शाबूत असेपर्यंत पेशीचे नीट चालते. तीही एखाद्या पेशीत बिघडली, की तेथे गाठ धरू लागते. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये डोळ्याच्या एका बालकर्करोगावरून मांडलेला हा दोन आघातांचा सिद्धांत व्हीएचएललाही लागू पडतो, आणि रुग्णाला एक गाठ होऊन का थांबत नाही याचे उत्तर त्यातच आहे. मेंदू, मज्जारज्जू, दृष्टिपटल, मूत्रपिंडे, त्यांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथी, स्वादुपिंड असा हा पसारा असतो. प्रत्येक गाठ दिसताक्षणी काढायची ठरवली, तर चाळिशीच्या आत माणसाकडे मूत्रपिंडच उरणार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मार्स्टन लिनेहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कुटुंबांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि त्यातून मूत्रपिंडाच्या घन गाठींसाठी तीन सेंटिमीटरचा दंडक रूढ झाला: सर्वांत मोठी गाठ त्या मापाला पोहोचेपर्यंत थांबायचे, पोहोचली की मूत्रपिंड राखून गाठी काढायच्या. तीन सेंटिमीटरच्या आत असताना आजार दूर पसरल्याचे त्यांच्या पाहणीत आढळले नव्हते. स्वादुपिंडाच्या गाठींसाठीही साधारण हेच माप धरतात.

थांबायचे हे एकदा ठरले, की किती थांबायचे हे ठरवणे ओघाने आले, आणि तेथे चित्रांवरून भाकीत करण्याची गरज निर्माण होते.

आत्येभावाच्या घरी, सिंहगड रोडला, वहिनींनी कपाटावरून लिफाफ्यांचा एक जाड गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. "भाऊजी, सगळं जपून ठेवलंय. एकही फिल्म टाकलेली नाही," त्या म्हणाल्या. खरोखरच टाकलेली नव्हती. एक सीटी कर्वे रोडजवळचा, एक हडपसरचा, एक स्वारगेटच्या बाजूचा. ज्या वेळी ज्या डॉक्टरांनी जेथे पाठवले, किंवा जेथे लवकर नंबर लागला, तेथला. मी त्या फिल्म खिडकीच्या काचेला लावून पाहू लागलो. एकेका फिल्मवर वीस-वीस चौकटी, प्रत्येक चौकट काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, कडेला सेंटिमीटरची बारीक पट्टी. पहिल्या तपासणीत कॉन्ट्रास्ट (चित्र उजळ दिसावे म्हणून देतात ते द्रव्य) शिरेत सोडल्यावर लगेचच, म्हणजे तो रोहिण्यांमध्ये असतानाची छायाचित्रे होती आणि स्वादुपिंडाच्या शेपटीकडे एक उजळ ठिपका स्पष्ट दिसत होता. या गाठींना रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे त्या याच अवस्थेत उठून दिसतात. दुसऱ्या ठिकाणी ती अवस्था घेतलेलीच नव्हती. मिनिटभराने, कॉन्ट्रास्ट शिरांमध्ये पसरल्यावरची चित्रे तेवढी होती, आणि त्यांत तीच गाठ भोवतालच्या उतीत जवळजवळ मिसळून गेली होती. एका अहवालात आडव्या छेदातील माप दिले होते, दुसऱ्यात वरपासून खालपर्यंतचे. तिसऱ्या अहवालात 'मागील तपासणीच्या तुलनेत लक्षणीय बदल नाही' असे वाक्य होते, मात्र मागील तपासणी कोणती आणि तिच्यातले माप किती, याचा उल्लेख नव्हता.

"मग वाढलीय की नाही, एवढं तरी सांगा ना."

एवढे सांगणे सोपे असायला हवे, असे कोणालाही वाटेल. त्यासाठी हिशेब करून पाहावा. समजा, स्वादुपिंडातील गाठीचा व्यास पहिल्या तपासणीत १८ मिलिमीटर होता आणि ४०० दिवसांनी तो २१ भरला. हे आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, आत्येभावाचे नाहीत. गोलाचे आकारमान व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे व्यासातली ही तीन मिलिमीटरची वाढ आकारमानात सुमारे ५९ टक्के होते. याच वेगाने गाठ वाढत राहिली, तर तिचे आकारमान दुप्पट व्हायला ६०० दिवस लागतील आणि २१ वरून ३० मिलिमीटर व्हायला आणखी अडीच वर्षे. आता गृहीत धरा, की दुसरे माप घेताना एका मिलिमीटरची चूक झाली. पाच मिलिमीटर जाडीचे छेद असतील, गाठीची कड धूसर असेल आणि माप दोन निरनिराळ्या रेडिओलॉजिस्टनी घेतलेले असेल, तर एवढी चूक होण्यात विशेष काहीच नाही. खरा व्यास २० असेल, तर दुपटीचा काळ ८७७ दिवस निघतो आणि तीन सेंटिमीटरपर्यंत पोहोचायला चार वर्षांहून अधिक लागतात. खरा व्यास २२ असेल, तर दुपटीचा काळ ४६० दिवसांवर येतो आणि हाती पावणेदोन वर्षेही उरत नाहीत. पहिल्या मापातली चूक मी अजून यात धरलेली नाही.

हा केवळ अंकगणिताचा खेळ नव्हे. व्हीएचएलमधील स्वादुपिंडाच्या गाठींवर अमेरिकेतील २००७ च्या एका अभ्यासात आजार दूर पसरण्याशी तीन गोष्टींचा संबंध दिसला: गाठ तीन सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी असणे, जनुकातील बिघाड त्याच्या तिसऱ्या एक्सॉनमध्ये, म्हणजे जनुकाच्या एका ठरावीक तुकड्यात, असणे, आणि दुपटीचा काळ ५०० दिवसांपेक्षा कमी असणे. वरच्या उदाहरणात एका मिलिमीटरच्या फरकाने रुग्ण या ५०० च्या रेषेच्या अलीकडून पलीकडे जातो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर घ्यायचे की दोन वर्षांनी बोलवायचे, याचा निर्णय अशा मापावर टेकलेला असतो.

म्हणूनच या क्षेत्रातील संशोधक एका व्यासावर समाधान मानत नाहीत. प्रत्येक छेदात गाठीची कड आखून पूर्ण आकारमान मोजणे ही पहिली पायरी झाली. मेरीलँडमधील बेथेस्डा येथे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात, रोनाल्ड समर्स यांच्या प्रतिमा-विश्लेषण गटाच्या सहभागाने, व्हीएचएल रुग्णांच्या स्वादुपिंडातील गाठींवर जे काम झाले, ते त्याच्या बरेच पुढे जाते आणि मला ते विशेष आवडते, कारण त्यात चित्रातील करड्या छटांना शरीरशास्त्रातला अर्थ दिलेला आहे. सीटीसाठी शिरेत सोडलेले आयोडीनयुक्त द्रव्य पेशींच्या आत शिरत नाही. ते रक्तात आणि पेशींमधल्या मोकळ्या जागेतच राहते. त्यामुळे द्रव्य सोडण्यापूर्वीचे आणि नंतरचे चित्र घेऊन गाठीची उजळी किती वाढली आणि शेजारच्या महारोहिणीतील रक्ताची किती वाढली, याचे गुणोत्तर काढले आणि त्यात रक्तातील पेशींचे प्रमाण हिशेबात धरले, तर गाठीच्या प्रत्येक ठिकाणी पेशींनी किती जागा व्यापली आहे याचा अंदाज निघतो. याच्या जोडीला पेट स्कॅन असतो, ज्यात किरणोत्सारी खूण लावलेली साखर गाठीचा कोणता भाग किती ओढून घेतो ते दिसते, आणि त्यावरून तेथील पेशींची वाढ किती जोमात आहे हे ठरवतात.

या दोन नकाशांवर मग गणिती प्रारूप चालते. त्यातील एक पद पेशींची संख्या वाढण्याचे, दुसरे त्या आजूबाजूला पसरण्याचे, आणि वाढणारी गाठ शेजारच्या अवयवाला ढकलते त्या दाबाचा हिशेब वेगळा. एकाच रुग्णाच्या तीन वेळच्या तपासण्या घेतात. पहिल्या दोहोंवरून त्या रुग्णापुरते प्रारूपातील गुणांक ठरवतात, तिसरीचे भाकीत करतात आणि ते प्रत्यक्ष तिसऱ्या चित्राशी ताडून पाहतात. अलीकडे त्याच कामासाठी न्यूरल नेटवर्क वापरतात. त्यात समीकरण आधी लिहून दिलेले नसते. क्रमाने घेतलेल्या चित्रांतून वाढीचा ढंग नेटवर्क स्वतः शिकते आणि गाठीच्या कोणत्या बाजूला भर पडेल हेही सांगते.

या अभ्यासांतील यशाचे आकडे वाचताना मी मात्र एक खबरदारी घेतो. भाकीत केलेला आकार आणि प्रत्यक्ष आकार एकमेकांवर किती बसतात, हे डाइस नावाच्या गुणोत्तराने सांगण्याची पद्धत आहे. पूर्ण जुळले तर शंभर टक्के. ८५ टक्के ऐकायला भरघोस वाटतात. पण एखादी गाठ सर्व बाजूंनी सारखी फुगून ३० टक्क्यांनी वाढली असेल आणि आपण काहीही न करता 'ती आहे तेवढीच राहील' असे भाकीत केले असेल, तरी हे गुणोत्तर ८७ टक्के येते! गाठी सावकाश वाढतात, एवढ्यावरच निष्क्रिय भाकिताला प्रथम श्रेणी मिळते. त्यामुळे आकारमानातील चूक किती टक्के, आणि 'काहीच बदलणार नाही' या भाकितापेक्षा प्रारूप किती सरस ठरले, हे दोन आकडे ज्या शोधनिबंधात सापडत नाहीत, त्याच्या निष्कर्षावर मी भिस्त ठेवत नाही. शिवाय आजारच दुर्मीळ असल्यामुळे अशा अभ्यासांतील रुग्णसंख्या काही डझनांपलीकडे जात नाही. बेथेस्डात जे जमले, ते तेथे एकाच छताखाली, एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षे त्याच रुग्णांची चित्रे काढली गेली म्हणून जमले.

आणि सगळ्या गाठी सरळ रेषेत किंवा नियमित दुपटीने वाढत असत्या, तरच हे गणित पुरेसे ठरले असते. मेंदू आणि मज्जारज्जूतील हेमँजिओब्लास्टोमा या गाठींचा जो मोठा पाठपुरावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात २२५ रुग्णांतील १,९२१ गाठी वर्षानुवर्षे मोजल्या होत्या. त्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक गाठी त्या काळात वाढल्याच नाहीत. ज्या वाढल्या, त्यांपैकी ७२ टक्के गाठींची वाढ थांबून-थांबून, उचल खाऊन पुन्हा स्वस्थ बसणारी होती. घातांकी पद्धतीने, म्हणजे नियमित दुपटीने, वाढणाऱ्या २२ टक्के, आणि सरळ रेषेत वाढणाऱ्या अवघ्या ६ टक्के. म्हणजे दोन तपासण्यांमधली रेघ ओढून पुढचे सांगणे मेंदूच्या बाबतीत बहुतेक वेळा फसते. त्यातही रुग्णाला त्रास होतो तो पुष्कळदा घन गाठीपेक्षा तिच्या शेजारी साठणाऱ्या द्रवाच्या पोकळीमुळे, आणि ही पोकळी गाठीपेक्षा कितीतरी वेगाने मोठी होऊ शकते. अहवालात गाठ आणि पोकळी यांची मापे स्वतंत्र लिहिलेली असावीत, एवढा आग्रह तरी कोणत्याही कुटुंबाने धरायला हरकत नाही.

न्यूरोफायब्रोमॅटोसिस या गाठींच्या दुसऱ्या एका आनुवंशिक आजाराच्या पहिल्या प्रकारात तर व्यास हा शब्दच निरुपयोगी होतो, कारण तेथील प्लेक्सिफॉर्म गाठी मज्जातंतूंच्या कडेकडेने वेड्यावाकड्या पसरतात. त्यांच्यासाठी एमआरआयवरून आकारमान मोजतात आणि २० टक्क्यांची वाढ ही खरी वाढ धरतात. सर्वांत जोमाची वाढ लहान वयात होते, त्यामुळे तेथे लहान मुलांची तपासणी लांबणीवर टाकणे महागात पडते.

पुण्यात यातले काय करता येण्याजोगे आहे, याचा विचार मी अनेकदा करतो. यंत्रांची येथे वानवा नाही. डेक्कनपासून खराडीपर्यंत चांगली यंत्रे आहेत आणि ती चालवणारी जाणती माणसेही आहेत. वानवा आहे ती सातत्याची. आत्येभावाची एक जुनी तपासणी ज्या केंद्रात झाली होती, तेथे मूळ चित्रे मागायला मी गेलो, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने संगणकात शोधून, एवढी जुनी माहिती आता ठेवलेली नाही असे सांगितले आणि सोबत दिलेली सीडी पाहायला सुचवले. सीडीवर अहवालाची पीडीएफ आणि मोजकी जेपीजी चित्रे होती. त्यावरून आकारमान मोजता येत नाही, कारण त्यासाठी डायकॉम स्वरूपातील सगळे छेद लागतात. प्रत्येक बिंदू किती मिलिमीटरचा आणि दोन छेदांतले अंतर किती, ही माहिती त्याच फायलींत असते. फिल्म हे त्या माहितीचे एका ठरावीक उजळीत गोठवलेले छापील रूप आहे. वहिनींनी जपलेला गठ्ठा डॉक्टरांच्या नजरेला उपयोगी आहे, गणिताला नाही.

तेव्हा आता आम्ही ठरवले आहे ते असे. तपासणी दर वेळी एकाच केंद्रात, शक्यतो त्याच यंत्रावर होईल. पोटासाठी सीटीऐवजी एमआरआय, कारण आयुष्यभर तपासण्या करायच्या असताना दर खेपेला क्ष-किरणांचा डोस घेणे टाळता आले तर टाळावे; बेथेस्डाच्या प्रारूपाला लागणारा सीटी आणि पेटचा संच संशोधनात शोभतो, पण नेहमीच्या देखरेखीसाठी तो कोणी सुचवणार नाही. मागच्या वेळचे छेद किती जाडीचे होते आणि कॉन्ट्रास्टच्या कोणत्या अवस्था घेतल्या होत्या, हे एका कागदावर लिहून तंत्रज्ञांच्या हाती द्यायचे. तो कागद पाहून तंत्रज्ञ आधी थोडे चकित झाले, मग त्यांनी मनापासून साहाय्य केले. बाहेर पडण्यापूर्वी संपूर्ण डायकॉम पेनड्राइव्हवर घ्यायचे आणि घरी आल्यावर उघडून पाहायचे. रेडिओलॉजिस्टना विनंती अशी, की नवे माप घेताना मागचे चित्रही पडद्यावर शेजारी लावून स्वतःच पुन्हा मोजावे, जुन्या अहवालातला आकडा तसाच उचलू नये. दोन्ही मापे एकाच हाताची असली, तर निदान चूक तरी एकाच दिशेची होते.

गाठीच्या वाढीचा आलेख नीट असण्याला आता आणखी एक कारण आहे. व्हीएचएलचे प्रथिन शाबूत असते तेव्हा ते एचआयएफ नावाच्या प्रथिनाला वेळेवर नष्ट करवते. ते नसले, की पेशी ऑक्सिजन पुरेसा असूनही नसल्यासारख्या वागतात आणि नव्या रक्तवाहिन्यांची मागणी करत राहतात. ऑक्सिजन ओळखण्याच्या या यंत्रणेच्या शोधासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले, आणि एचआयएफचाच एक घटक असलेल्या एचआयएफ-२ अल्फाला अडवणाऱ्या बेल्झुटिफान या गोळीला अमेरिकेत ऑगस्ट २०२१ मध्ये व्हीएचएलसाठी मान्यता मिळाली. तिने गाठी आक्रसतात, पण पंडुरोग होतो आणि गर्भाला धोका असतो, म्हणून ती कधी सुरू करायची हा प्रश्न शस्त्रक्रियेइतकाच तोलून पाहावा लागतो. औषधाने गाठीची वाढ खरोखर रोखली, की ती मुळातच स्वस्थ बसली होती, हे कळायला औषधापूर्वीची दोन-तीन वर्षांची विश्वासार्ह मापे हाताशी लागतात. निम्म्या गाठी आपण होऊनच थांबलेल्या असतात, हे वर आलेच आहे.

वहिनींचा दुसरा प्रश्न मुलाबद्दल होता, आणि तो त्यांनी आत्येभाऊ खाली गाडी काढायला गेल्यावर विचारला. त्याला चित्रांचे उत्तर नाही. वडिलांच्या जनुकातील बिघाड नेमका कोणता हे माहीत असल्यामुळे मुलाच्या रक्ताच्या एका चाचणीत तो आहे की नाही हे कळेल. नसेल, तर त्याला यांपैकी एकाही तपासणीची गरज नाही. असेल, तर अमेरिकेतील व्हीएचएल अलायन्सच्या शिफारशींप्रमाणे डोळ्यांची तपासणी अगदी लहानपणापासून, मेंदू आणि मज्जारज्जूचा एमआरआय अकराव्या वर्षापासून आणि पोटाचा पंधराव्या वर्षापासून, हे दोन्ही एमआरआय दर दोन वर्षांनी. मुलगा नऊ वर्षांचा आहे. "आत्ताच कळलं तर पुढे लग्नाच्या वेळी सांगावं लागेल," असे वहिनी म्हणाल्या, आणि त्यावर माझ्याजवळ कोणतेही गणित नव्हते. जनुकीय समुपदेशकांची वेळ मात्र आम्ही घेतली आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तो पुढच्या आठवड्यात जाईल, कारण ती तपासणी चाचणीच्या निकालासाठी थांबवून ठेवण्याचे कारण नाही.